स्वयंपाकघरातून चंद्र दिसत नाही

२ सप्टेंबर

सुमाको,

पत्राची सुरुवात हवापाण्याने करायची असते, म्हणून करते. इथला उकाडा अजून हटलेला नाही, पण संध्याकाळी गवतातले किडे ओरडायला लागलेत. तुमच्या हाकोदातेला एव्हाना गारवा आला असेल. झालं हवापाणी.

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न फोडताच कपाटात टाकशील, असं आमचे हे म्हणतात. टाकलंस तर टाक. तुझ्या लेकाने, शुइचीने, नव्या वर्षाचं कार्ड पाठवलं होतं, त्यावर पत्ता होता. मी मागितला नव्हता.

काम असं आहे. शोगेत्सु बागेत पंधराव्या रात्रीचं चंद्रदर्शन असतं, त्या संध्याकाळचं स्वयंपाकघर या वर्षीपासून माझ्याकडे आलंय. मुख्य म्हणून. आधी सासूबाई, मग त्सुरुको-सान, आता मी. अठरा बायका माझ्या हाताखाली आणि एकशेऐंशी पाहुणे. त्सुरुको-सान आता एक्क्याऐंशीच्या आहेत, त्यांनी सगळ्यांसमोर मोठा लाकडी डाव माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "फुसाए-सान, मीठ तुझ्या जिभेवर सोडते." घरी येऊन यांना सांगितलं, तर बेसबॉलवरची नजर न काढता म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी जेवायला उशीर?" अठ्ठेचाळीस वर्षं संसार केलाय मी या माणसाशी.

आता विचारायचं ते विचारते. अळकुड्या सालासकट वाफवताना तू डोक्याकडची साल नेमकी कुठवर कापायचीस? तुझी अळकुडी चिमटीत दाबली की गुळगुळीत बाहेर यायची. आमच्या फुटतात. दोन ओळींत कळव, जास्त लिहायची गरज नाही.

त्या वर्षीचं म्हणशील, तर सासूबाईंचा शब्द मोडायची माझी काय प्राज्ञा होती? त्यांनी सांगितलं, मी केलं. सदतीस वर्षं झाली त्याला. त्या गेल्या, भाऊजी, तुझे एइजी, तेही गेले. आता त्यात काय राहिलंय?

फुसाए

११ सप्टेंबर

सुमाको,

उत्तर नाही. बरं. अळकुड्यांचं मी माझं पाहून घेईन.

काल बागेच्या मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष आता मोरिवाकी-सान आहेत, शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. अजूनही मैदानावर उभं असल्यासारखे बोलतात. भिंतीवर भला मोठा कागद लावला होता. सहा पंचवीसला चंद्र डोंगरावर, सहा तीसला सूप, सहा चाळीसला बासरी.

मी म्हटलं, "चंद्राला कळवलंय का?"

सगळे हसले. ते हसले नाहीत. "फुसाए-सान, सूप थंड आलं की संध्याकाळ बिघडते," म्हणाले.

सूप थंड! माझ्या हातचं! मी म्हटलं, "या ओसरीवर आजवर एक वाटी थंड गेली असेल तर डाव खाली ठेवते." आणि ते खरंच आहे. तुलाही कबूल करावं लागेल.

मग ओसरीवर कोण कुठे बसणार, याची यादी वाचली. महापौर आणि त्यांच्या पत्नी, चहाविधीच्या बाई, मंडळाचे लोक, दूरवरून येणारे पाहुणे. आमच्यात एक नवी आहे, चिनात्सु. चाळिशीची, ओसाकाहून आलेली सून. तिने हात वर केला. मला वाटलं, कढया कमी पडतायत वगैरे विचारेल.

"आपण बायकांनी चंद्र कधी बघायचा?"

क्षणभर कुणाला प्रश्नच कळला नाही. मग हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "का गं, तुझ्या अंगणात येत नाही का चंद्र?"

"येतो की. पण तळ्यात उतरलेला इथेच दिसतो ना? त्यासाठीच ही माणसं आगगाडीने येतात ना?"

आता तुला स्वयंपाकघराची ती खिडकी आठवत असेल. उघडली की समोर कोठाराची पांढरी भिंत. ओसरीवरून पाहुण्यांचा "ओऽऽ" असा आवाज आला, की त्सुरुको-सान म्हणायच्या, "आला वाटतं," आणि आपण वाट्या भरायला घ्यायचो. आपली चंद्र बघायची रीत तेवढीच. परत आवराआवर करून बाहेर पडेपर्यंत तो झाडांच्या माथ्यावर गेलेला असायचा, तळं काळं झालेलं.

मी चिनात्सुला म्हटलं, "पाहुणे बघतात. आपण करतो."

"असं कुणी ठरवलं?"

"ठरवावं लागत नाही. ते असतंच."

ती फक्त "हं" म्हणाली आणि चहाचे पेले गोळा करायला वळली. मला तो "हं" कुठे ऐकलाय ते लगेच कळलं. तू म्हणायचीस तसाच.

मी तिला योग्य तेच सांगितलं. मुख्य म्हणून मला धाक ठेवायला हवा. सासूबाई असत्या तर खूश झाल्या असत्या.

फुसाए

१९ सप्टेंबर

सुमाको,

पाच दिवस राहिले. दांगोच्या गोळ्यांसाठी तांदळाचं पीठ आलंय, माळी इनादा-सानने सुसुकी गवताचे तुरे कुठून कापायचे ते हेरून ठेवलंय, कोबू शेवाळाचा कढ मी दोनदा करून पाहिला. सगळं जागच्या जागी आहे. तरी मी हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय, आधीची दोन शेगडीत घातली.

सासूबाई काही बोलल्या नव्हत्या.

पहिल्या पत्रात मी जे लिहिलं, तेच सदतीस वर्षं सगळ्यांना सांगत आलेय, अगदी यांनाही. इतकं सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं होतं. पण त्या संध्याकाळी तू शेगडीपासून उठून बाहेर गेलीस, तेव्हा सासूबाईंनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "जाऊ दे तिला. येईल." एवढंच. त्या बाईबद्दल आपण दोघी इतकं वाईट बोललोय, पण त्या दिवशी त्यांनी तुला काही म्हटलं नाही. मी उठले. माझी मी उठले.

तू ओसरीच्या अगदी कडेला बसली होतीस. एप्रन तसाच, कोपरापर्यंत पीठ, तोंड वर. शेजारी रेशमी किमोनोतल्या बायका अंग चोरून बसलेल्या. तुला त्या दिसतही नव्हत्या. मी बांबूच्या कुंपणाशी उभी राहून तुझ्याकडे पाहत होते, चंद्राकडे नाही. मला आतून काय झालं ते तेव्हा सांगता आलं नसतं, आता येतं. अकरा वर्षं मी त्या स्वयंपाकघरात घालवली होती आणि अकरा वर्षं मनात होतं की एकदा, फक्त एकदा, तिथे जाऊन बसावं. आणि तू, चार वर्षांपूर्वी आलेली, उठलीस आणि बसलीस. जर नुसतं उठून बसता येत होतं, तर मी अकरा वर्षं काय करत होते?

म्हणून मी तुझी बाही धरून तुला ओढलं. तू कडेवरून खाली आलीस, गुडघा दगडावर आपटला, एका पायातली सपात तळ्यात गेली. पुरुष हसले. मी मोठ्याने म्हणाले, "माफ करा, आमची धाकटी अजून शिकतेय." हेही मीच म्हणाले.

तू तशीच उठलीस. आत येऊन एकशेसाठ वाट्या धुतल्यास, एका पायाने अनवाणी. पुढच्या वसंतात एइजींनी हाकोदातेच्या गोदीत नोकरी धरली. सगळे म्हणाले, गोदीत काम चांगलं आहे म्हणून गेले. मीही तेच म्हणाले.

आणि एइजी वारले तेव्हा न येण्याला मी गुडघ्याचं कारण कळवलं होतं. गुडघे तेव्हा धडधाकट होते.

अळकुडीची साल कुठवर कापायची हे मला माहीत आहे. तुला मीच शिकवलं होतं.

फुसाए

२५ सप्टेंबर

सुमाको,

कालची संध्याकाळ झाली. तू उत्तर दे, नको देऊस, पण हे मला दुसऱ्या कुणाला सांगायचंच नाहीये.

आधी हे लिहून ठेवते की माझ्या मनात काहीही ठरलेलं नव्हतं. आज गावभर म्हणतायत की फुसाएने महिनाभर कट शिजवला. मी सूप शिजवत होते.

दुपारपासून आम्ही उभ्या होतो. पंधरा दांगोंची रास देवापुढच्या पाटावर रचली, इतकी नेमकी की इनादा-सान हात मागे बांधून बघत राहिला आणि म्हणाला, "यातला एक खायचं कुणाला धाडस होईल?" अळकुडी एकही फुटली नाही. चेस्टनटचा भात वाफेवर होता. सूप तर असं झालं होतं की त्सुरुको-सानने चव घेऊन डाव परत ठेवला आणि काहीच बोलल्या नाहीत. त्या बाईने एकावन्न वर्षांत कधी न बोलता डाव ठेवलेला नाही. मी फुगले होते नुसती.

सव्वासहाला मोरिवाकी-सान दारात आले. "दहा मिनिटं!"

"सूप झालं की येईल," मी म्हटलं.

"साडेसहा, फुसाए-सान. ठोक्याला."

ते गेले. वाट्या मांडून झाल्या, डाव माझ्या हातात. आणि ओसरीवरून आवाज आला. ओऽऽ. दरवर्षी येतो तसाच. त्सुरुको-सान सवयीने म्हणाल्या, "आला वाटतं."

अठराही जणी खाली वाकून वाट्या हातात घ्यायला लागल्या. कुणी मान वर केली नाही, चिनात्सुनेही नाही. दोन आठवड्यांपूर्वी प्रश्न विचारणारी ती, तिनेही शिकून घेतलं होतं. मीच शिकवलं होतं. ते मला सहन झालं नाही.

मी म्हटलं, "गॅस बंद करा."

"वास येतोय का?" कुणीतरी घाबरून विचारलं.

"नाही. चंद्र उगवलाय."

 त्सुरुको-सान म्हणाल्या, "अगं, आणि वाढणार कोण?"

"सूप कुठे पळून जात नाही, त्सुरुको-सान. चला, मी हात देते."

"मी? या अवतारात?"

"याच अवतारात."

मी स्वतः शेगडीची कळ फिरवली. तीन वर्षांपासून ती कळ घट्ट आहे, दोन हात लागतात. मग आम्ही निघालो. एप्रन घातलेल्या, ओल्या सपातांच्या, अठरा आणि मी एकोणीस. पायरीदगडांवरून एकीमागे एक. तेवीस पावलं आहेत फक्त. मी मोजली.

आम्ही बांबूचं कुंपण वळलो तशी बासरीवाल्याने बासरी खाली घेतली. मोरिवाकी-सान अर्धे उभे राहिले. "काय झालं? आग?"

"नाही. आम्ही चंद्र बघायला आलोय."

"आत्ता?"

"मग कधी येऊ? तुमच्या कागदावर तो आत्ताच लिहिलाय."

महापौरांच्या पत्नी फसकन हसल्या आणि तोंडावर पंखा धरला. मोरिवाकी-सानचा चेहरा लाल. ते हळू आवाजात म्हणाले, "फुसाए-सान, इथे जागा नाही. सगळ्या बैठका मोजून मांडल्यात."

तेव्हा इनादा-सान, जो दर वर्षी खाली गवतावर उकिडवा बसतो, तो उठला. तो किती बोलतो तुला माहीत आहे, वर्षाला चार वाक्यं. तो म्हणाला, "एक्केचाळीस वर्षं मी तो पाइन छाटतोय, चंद्र अडू नये म्हणून. आणि इथले निम्मे लोक साकेच्या प्याल्यात बघतात. सरका थोडे. ज्यांना बघायचंय त्यांना बसू द्या."

आणि सुमाको, माणसं सरकली! चहाविधीच्या बाई आधी सरकल्या, मग महापौर, मग सगळी रांग. थोड्या जणी ओसरीवर, थोड्या पायऱ्यांवर, दोघी-तिघी दगडांवर. मी त्सुरुको-सानना पुढे बसवलं.

आता चंद्राचं सांगते. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, नोव्हेंबरात शस्त्रक्रिया आहे. मला आकाशात दोन चंद्र दिसले. तळ्यात दोन. एकूण चार. कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, असू देत, इतक्या वर्षांनी एक बघून माझं भागलंही नसतं.

त्सुरुको-सानने आधी वर पाहिलं, मग खाली तळ्यात. मग स्पष्ट आवाजात, सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "एवढाच? मला वाटलं होतं मोठा असेल."

ओसरी हसून लोळली. अगदी मोरिवाकी-सानसुद्धा. पण पाच मिनिटांनी मी "चला आता" म्हणून हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. "तू जा. मी बघतेय." चिनात्सु त्यांच्या शेजारी होती. तिने वाटेत हातातली पळी ठेवलीच नव्हती, ती मांडीवर धरून बसली होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी विचारलं, "काय गं?" तर म्हणाली, "वाफ."

सूप सव्वासातला गेलं. गार नव्हतं, पण गरमही नव्हतं. माझा शब्द मोडला. वाढायला मंडळाचे पुरुषही आले, कारण त्सुरुको-सानसारख्या चार-पाच जणी उठायलाच तयार नव्हत्या. त्यांनी महापौरांच्या बाहीवर सूप सांडलं आणि अर्ध्या वाट्यांत अळकुडी टाकायला विसरले. एका पाहुण्याने तक्रार केली.

आवराआवर झाल्यावर मोरिवाकी-सान आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "पुढच्या वर्षी स्वयंपाकघर दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल. तुम्ही समजू शकता."

"समजते," मी म्हटलं आणि मोठा डाव धुऊन पुसून त्यांच्या हातात दिला. ते तो हातात धरून उभे राहिले, कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना. मी सांगितलं नाही.

तीन आठवडे मुख्य होते मी. सासूबाई बावीस वर्षं होत्या, त्सुरुको-सान पंचवीस. मी तीन आठवडे. पण त्यांच्यापैकी कुणी गॅस बंद केला नव्हता. घरी येताना माझी मान इतकी ताठ होती की यांनी दार उघडताच विचारलं, "मान अवघडली का?"

फुसाए

२ ऑक्टोबर

सुमाको,

चार पत्रांत एक शब्द लिहायचा राहिलाय. सगळी हकीकत लिहिली, कबुली लिहिली, चंद्रही लिहिला, आणि तो शब्द टाळत आले. माझं चुकलं. मला क्षमा कर. तू करशीलच असं नाही, पण मागायला सदतीस वर्षं लावली हे अजून एक चुकलं.

दुसरं असं. पंधराव्या रात्रीचा चंद्र पाहिला की पुढच्या महिन्यातल्या तेराव्या रात्रीचाही पाहावा लागतो, आणि तिथूनच. नाहीतर ते अर्धवट राहतं, चांगलं नसतं. मंडळ त्या दिवशी काही करत नाही. बायकांनी परवा मला गाठलं आणि म्हणाल्या, आता आमचं अर्धवट राहिलंय, त्याचं काय? मी इनादा-सानला विचारलं. तो म्हणाला, "फाटक उघडं असेल." म्हणजे त्याचं या महिन्याचं बोलणं संपलं.

तर एकवीस तारखेला आम्ही जमतोय. यावेळी स्वयंपाक नाही. प्रत्येकीने आपापल्या घरून डबा आणायचा, कुणी कुणाला वाढायचं नाही. त्सुरुको-सान म्हणतात त्या फक्त उकडलेले सोयाबीन आणणार, कारण एकावन्न वर्षांत त्यांना रांधायचा कंटाळा आला हे त्यांना आत्ता कळलंय.

तुझं तर सदतीस वर्षं अर्धवट राहिलंय. मीच अर्धवट ठेवलं. ये. वरची खोली झाडून ठेवते.

फुसाए

१० ऑक्टोबर, हाकोदाते

ताई,

तुमची पाचही पत्रं मिळाली. पहिलं फोडून पाहिलं, अळकुडी वाचली आणि खणात टाकलं. ज्यांनी मला साल कापायला शिकवली त्याच विचारतात, म्हणजे यात काहीतरी काळंबेरं आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. बाकीची वाचायची नाहीत असं ठरवलं होतं. शुइचीने वाचली आणि मला मोठ्याने वाचून दाखवली. सूप सांडलं तिथे तो इतका हसला की मला पुढचं स्वतः वाचावं लागलं.

दोन गोष्टी दुरुस्त करते.

एक. मी त्या दिवशी काही मोठं करायला उठले नव्हते. वाफेने डोळे चुरचुरत होते, म्हणून हवा खायला बाहेर गेले. कुंपण वळले तर समोर तो, तळ्यात आणि वर. मी जिथे होते तिथेच बसले. कुणाच्या शेजारी बसलेय हे मी पाहिलंही नाही. तुम्ही सदतीस वर्षं मला धीट समजत आलात. मी धीट नव्हते, ताई. मला फक्त तो दिसला.

दोन. तुम्ही माझी बाही ओढली नव्हती. अंबाडा ओढला होता. काटा निघून केस पाठीवर सुटले, त्या सगळ्या पुरुषांसमोर. माझ्या आईलाही मी तेव्हा सांगू शकले नाही. क्षमा मागायची तर जे केलं त्याची मागा, सोप्याची नको.

गुडघे आता खरंच गेलेत. त्या दगडाने नव्हे, वयाने, ते श्रेय तुम्ही घेऊ नका. मला खाली बसता येत नाही, खुर्ची लागेल. वीस तारखेला चारच्या बसने उतरेन. डबा मी आणणार नाही, एवढ्या लांबून काय आणू? तुम्ही माझ्या वाटणीचा करा. अळकुड्या घाला.

सुमाको

२४ ऑक्टोबर

सुमाको,

तू काल गेलीस आणि यांनी आज सकाळी विचारलं, "वरची ती हसणारी गेली का?" त्यांना घर ओकंबोकं वाटतंय. मला वाटतंय असं मी म्हणत नाही.

बसमधून उतरलीस तेव्हा मी तुला ओळखलंच नाही. मी अंबाडा शोधत होते. तुझे केस कानाच्या वर कापलेले, पांढरेशुभ्र. आणि मी क्षमेचं वाक्य तीन दिवस पाठ करून आले होते, तोंड उघडणार तर तू माझ्यापुढे डोकं वाकवलंस आणि म्हणालीस, "घ्या ताई, ओढा. काही हाताला लागतंय का बघा." बसचा चालक बघत होता. मी भर रस्त्यात रडले. ते वाक्य शेवटी मी तुला रात्रीच्या जेवणानंतर म्हटलं, अंबाड्यासकट. तू "हं" म्हणालीस. मला तेवढं पुरलं.

आता एकवीसच्या संध्याकाळचं एक तुला माहीत नाही, ते सांगायला हे पत्र.

तू खुर्चीवर बसली होतीस, ओसरीच्या बरोबर मधोमध. खुर्ची इनादा-सानने घरून आणली होती, चार पायांखाली फडकी बांधून, लाकडावर चरा पडू नये म्हणून. तेराव्या रात्रीचा चंद्र एका बाजूने जरासा कमी असतो, पण तळ्यात तो असा उभा होता की तू अर्धा तास मांडीवरचा डबाही उघडला नाहीस. मी तुझ्याकडे पाहत नव्हते, बरं का. यावेळी मी चंद्राकडेच पाहत होते. चारही.

मग मोरिवाकी-सान आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मागे त्यांच्या पत्नी, हातात पर्सिमन फळांची पेटी. त्या इतकी वर्षं मंडळाच्या अध्यक्षाच्या घरी राहूनही बागेत कधी चंद्र बघायला आल्या नव्हत्या, कारण पाहुण्यांच्या चपला-सामानावर लक्ष ठेवायला त्यांनाच बसवायचे. त्या चिनात्सुजवळ जाऊन बसल्या. मोरिवाकी-सान माझ्याजवळ उभे राहिले, घसा खाकरला.

"मोठा डाव अजून माझ्याकडेच आहे," म्हणाले. "घेणारं कुणी मिळत नाहीये."

"असं का?"

"सगळ्या म्हणतात, गॅस बंद करायची परवानगी असेल तर घेतो."

 हसू आवरायला मला फार त्रास झाला. मग त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू तेव्हा त्सुरुको-सानच्या कानात काहीतरी सांगत होतीस आणि त्या सोयाबीन सोलून तुझ्या तळहातावर ठेवत होत्या.

"त्या खुर्चीवरच्या बाई कोण?" त्यांनी विचारलं. "पाहुण्या आहेत का?"

सुमाको, मी बहात्तर वर्षांची आहे. मी माझ्या मुलांबद्दल, सुपाबद्दल, या गावाबद्दल खूप वेळा अभिमानाने बोललेय, अर्धं खरं, अर्धं फुगवून. हे मात्र मी न फुगवता म्हटलं, आणि मोठ्याने, पाठ सरळ करून.

"पाहुण्या नाहीत. या माझ्या धाकट्या जाऊबाई. स्वयंपाकघरातून उठून या ओसरीवर येऊन बसलेली पहिली बाई. त्यांना इथून ओढून नेणारी मी."

त्यांनी पुन्हा एकदा तुझ्याकडे पाहिलं. मग सपाता काढून ओसरीवर आले, तुझ्या खुर्चीसमोर गेले आणि कमरेतून वाकले. तू गोंधळून अर्धी उठलीस, परत वाकलीस आणि घरी येताना मला विचारलंस, "ताई, त्या माणसाला काय झालं होतं हो?"

मी म्हटलं, माहीत नाही. तेव्हा सांगितलं असतं तर तू माझा गळा धरला असतास. आता हाकोदातेला आहेस, म्हणून लिहिलं.

फुसाए